कापलेलें आणि पुसलेलें

गेल्या महिन्यांत या सदरांत जुन्या पोथ्यांना कसर लागूं नये म्हणून काय काय करावें, याविषयीं चार शब्द लिहिले होते. या महिन्याचा विषय मीं शोधला नाहीं. तो आमच्या घरच्या जेवणाच्या पंक्तीवर आपण होऊन चालत आला. ज्या घरीं एखादी मुलगी किंवा मुलगा छायाचित्रें काढतो, त्या घरीं हा वाद आज ना उद्यां निघणारच. आणि हल्लीं छायाचित्रें निघत नाहींत असें घर तरी कोठें उरलें आहे? म्हणून तो वाचकांपुढें मांडतों.

माझ्या थोरल्या बंधूंची नात यंदा महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला छायाचित्रांचा नाद आहे. दिवाळीच्या सुटींत आम्ही सर्व मंडळी वाईस गेलों असतां तिनें पहाटेस गणपतीच्या घाटावर आपल्या आजीचें, म्हणजे माझ्या वहिनींचें, एक छायाचित्र घेतलें. वहिनी कृष्णेच्या शेवटच्या पायरीवर बसून तांब्या भरून घेत आहेत, तोंडावर कोंवळें ऊन आलें आहे, आणि मागें धुक्यांतून देवळाचें शिखर अर्धवट दिसत आहे, असें तें चित्र. घरचें म्हणून म्हणत नाहीं. पण चित्र खरोखरच साधलें आहे. एका छायाचित्र-मंडळाच्या स्पर्धेंत 'लोकजीवन' या विभागाकडे तें पाठवावें, असें तिच्या मनानें घेतलें. परंतु संगणकावर तें मोठें करून पाहतांच दोन दोष दिसून आले. एक, घाटाच्या पायऱ्या डावीकडे किंचित् कललेल्या होत्या. दुसरा, डाव्या कोपऱ्यांत, तांब्याला जवळजवळ चिकटून, एक निळी प्लॅस्टिकची पिशवी पाण्यावर तरंगत होती.

"यांत काय मोठेंसें आहे?" तिचा दादा म्हणाला. "त्या पिशवीवर नुसतें बोट फिरव. क्षणांत पाणीच पाणी होईल."

"चालत नाहीं, दादा. नियमांत स्पष्ट लिहिलें आहे. कडा कापायला हरकत नाहीं. पण चित्रांतलें कांहीं काढायचें नाहीं, घालायचें नाहीं, कीं इकडचें तिकडे करायचें नाहीं."

वहिनी ताकाचें भांडें हातांत घेऊन पंक्तींतून येत होत्या, त्या जागच्या जागीं थांबल्या. "म्हणजे काय ग? कापली तरी ती पिशवी गेली, पुसली तरी गेली. लपायचें तें दोन्हीं वाटांनीं लपलेंच. मग एकीला माफी आणि दुसरीला शिक्षा, हें कुठलें शास्त्र? भाऊजी, तुम्ही मासिकांत लिहितां ना? सांगा बघूं."

मला त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. 'पाहून सांगतों' असें म्हणून मीं वेळ मारून नेली. नंतर निरनिराळ्या स्पर्धांचे नियम वाचले, त्यांवरून झालेले तंटे वाचले, आणि जें हातीं लागलें तें वहिनींना सांगितलें. तेंच येथें क्रमानें देतों.

योगायोग असा कीं, अगदीं याच प्रश्नाचा निवाडा पूर्वीं एकदां होऊन गेला आहे. तोही घाटावरच्याच चित्रासंबंधानें, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीवरूनच! २०१२ सालच्या 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाच्या छायाचित्र-स्पर्धेंत 'स्थळें' या विभागाचे विजेते म्हणून हॅरी फिश या प्रवासी छायाचित्रकाराचें नांव निघालें. काशीस गंगेच्या कांठीं प्रार्थनेची तयारी चालली आहे, असा तो देखावा होता. चित्राच्या अगदीं कडेला एक पिशवी होती. ती त्यानें संगणकावर पुसून टाकली होती. हें कळल्यावर थोडक्याच दिवसांत तो मान काढून घेण्यांत आला. संपादकांनीं त्याला जें कळविलें तें मात्र लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ती पिशवी तशीच राहूं दिली असती, अथवा कड कापून चौकटीबाहेर घालविली असती, तरी चित्राच्या परिणामांत कांहीं उणें झालें नसतें, असा त्याचा आशय होता. पुढें ही हकीकत त्या गृहस्थानें स्वतःच जाहीरपणें लिहिली, हें त्याला भूषणावह आहे.

म्हणजे वहिनींची शंका येथें जशीच्या तशी उभी राहते. पिशवी दोन्ही प्रकारें नाहींशी झालीच असती. मग भेद कोणता?

माझ्या अल्प समजुतीप्रमाणें त्याचीं तीन कारणें आहेत. पहिलें असें कीं, प्रत्येक छायाचित्र ही मुळांतच एक कापणी असते. छायाचित्रकार यंत्र डोळ्याला लावतो त्याच क्षणीं तो जगाचा एक तुकडा उचलतो आणि बाकीचें सर्व बाहेर ठेवतो. यंत्राचें तोंड जरा उजवीकडे वळविलें असतें तर जें आपोआप बाहेर राहिलें असतें, तेंच त्यानें घरीं येऊन बाहेर ठेवलें, तर नवें असें कांहीं केलें नाहीं. दुसरें असें कीं, कड कापल्यानें आंत राहिलेल्या वस्तूंचें परस्परांशीं असलेलें नातें ढळत नाहीं. पायरीजवळ तांब्या होता तो पायरीजवळच राहतो. कापलेलें चित्र मूळ चित्रावर ठेवून पाहिलें तर बिंदूवर बिंदू बसतो. परीक्षकाला पडताळा पाहतां येतो. तिसरें कारण मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. चित्राला कड आहे हें पाहणाराला दिसत असतें, आणि कडेपलीकडे जग आहे हें त्याला ठाऊक असतें. परंतु चित्राच्या पोटांत जेथें पाणी दिसत आहे तेथें पाणी नव्हतें, पिशवी होती, हें कळण्यास त्याला कोणताच मार्ग नसतो. कापणारा म्हणतो, 'मी एवढेंच दाखवितों.' पुसणारा म्हणतो, 'येथें हें नव्हतेंच.'

पोथ्या हाताळणाऱ्या वाचकांना हा भेद लवकर पटेल. एखाद्या ग्रंथांतून दोनच ओळी उतरून घेण्याचा अधिकार सर्वांना आहे. सबंध अध्याय कोणी उतरून घेत नाहीं. परंतु त्या दोन ओळींच्या मधला एक शब्द गाळून, जागा न सोडतां, पुढचा शब्द मागच्याला जोडून दिला, तर त्याला आपण अवतरण म्हणत नाहीं. गाळलेला शब्द क्षुल्लक होता, अर्थ बदलला नाहीं, ही सबब विद्वानांच्या सभेंत चालत नाहीं. छायाचित्रांच्या सभेंतही ती चालत नाहीं.

शिवाय कडा कापण्याची चाल कांहीं आजची नव्हे. मुंबईस छायाचित्रांचें मंडळ १८५४ सालींच निघालें, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधु नारायण दाजी हे त्याच्या सभासदांपैकीं एक होते. म्हणजे आपल्याकडेही या कलेला पावणेदोनशें वर्षें होत आलीं. इतक्या काळांत यंत्राची चौकट आणि कागदाची चौकट यांचा मेळ क्वचितच बसला आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र ३६ बाय २४ मिलिमीटरांचें, तर छापण्याचा कागद बहुधा आठ बाय दहा इंचांचा. तेव्हां सबंध कागद भरावयाचा तर लांबीकडील थोडी कड सोडल्यावांचून गत्यंतर नसे. कांहीं यंत्रांत चित्र चौरस येई, आणि त्यांतून उभें घ्यावें कीं आडवें हें मागाहून ठरे.

थोरांनींही कडा कापल्या आहेत. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे चित्राची चौकट जागच्या जागींच ठरली पाहिजे अशा मताचे म्हणून प्रसिद्ध. परंतु पॅरिसमधील साँ-लाझार स्टेशनामागें साचलेल्या पाण्यावरून उडी टाकणाऱ्या माणसाचें जें चित्र त्यांनीं १९३२ सालीं कुंपणाच्या फटींतून घेतलें, त्याची कड त्यांना कापावीच लागली. क्यूबांतील आल्बेर्तो कोर्दा यांनीं १९६० सालीं घेतलेलें चे गव्हेरा यांचें चित्र आज जगांतल्या भिंतीभिंतींवर आहे. मूळ चित्र आडवें असून त्यांत एका बाजूस दुसऱ्या माणसाचा चेहरा व दुसऱ्या बाजूस ताडाच्या झाडाचीं पानें आहेत. त्या दोन्ही कडा गेल्या, तेव्हां मधला चेहरा जगाला दिसला.

आतां कड कापण्याच्या निमित्तानें पाऊल कसें घसरतें, याचें प्रसिद्ध उदाहरण पाहा. १९८२ सालच्या फेब्रुवारींत 'नॅशनल जिओग्राफिक'नें मुखपृष्ठावर इजिप्तमधील गीझा येथील पिरॅमिडांचें चित्र घातलें. मूळ चित्र आडवें, आणि मुखपृष्ठ उभें. नुसत्या कडा कापल्या तर एक पिरॅमिड अर्धवट कापला जाई. तेव्हां संगणकाच्या साहाय्यानें एक पिरॅमिड सरकवून दुसऱ्याच्या जवळ आणण्यांत आला. हजारों वर्षें जागचे न हललेले पिरॅमिड एका मुखपृष्ठासाठीं हलले! त्यावर मोठा गहजब झाला, आणि ती चूक होती हें पुढें त्या मासिकानें स्वतःही मान्य केलें. ज्या मासिकानें २०१२ सालीं एका पिशवीसाठीं पारितोषिक परत घेतलें तें हेंच. त्याच्या कडकपणाला हा अनुभव कारण झाला असल्यास नवल नाहीं.

स्पर्धांच्या इतिहासांत कापणें आणि पुसणें यांमधील सीमारेषा सर्वांत स्वच्छ दिसते ती २०१० सालच्या एका निकालांत. 'वर्ल्ड प्रेस फोटो' ही अ‍ॅम्स्टरडॅमची संस्था १९५५ सालापासून वृत्त-छायाचित्रांची स्पर्धा घेत आली आहे. त्या वर्षीं स्तेपान रुदिक या छायाचित्रकाराला युक्रेनमधील कीव्ह शहरांतील रस्त्यावरच्या मारामाऱ्यांविषयींच्या चित्रमालिकेबद्दल तिसरें पारितोषिक मिळालें होतें. त्यांतील एका चित्रांत एका तरुणाच्या हाताला पट्टी बांधली जात आहे. मूळ चित्र रंगीत, विस्तीर्ण, पुष्कळ माणसें असलेलें. त्यानें त्याचा मोठा भाग कापून फक्त तो हात ठेवला आणि रंग काढून तें कृष्णधवल केलें. परीक्षकांनीं याला हरकत घेतली नाहीं! परंतु हाताच्या मागें कोणा दुसऱ्याच्या पावलाचा अगदीं लहानसा तुकडा दिसत होता, तो त्यानें पुसला होता. तेवढ्यावरून सबंध मालिका बाद झाली. चित्राचा बहुतेक भाग कापला तें चाललें, नखाएवढें पाऊल पुसलें तें चाललें नाहीं. प्रथम ऐकतांना हें विपरीत वाटतें. वर दिलेलीं तीन कारणें मनांत आणलीं म्हणजे त्याची संगति लागते.

पुसण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो नवशिक्यांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. तो म्हणजे काळोख करून पुसणें. चित्र थोडें उजळ वा गडद करणें, रंगांचा समतोल साधणें हें सर्वत्र चालतें. जुने छायाचित्रकारही अंधाऱ्या खोलींत हातानें उजेड अडवून हेंच करीत. परंतु मागचा माणूस, भिंत किंवा सामान दिसेनासें होईपर्यंत सांवली काळी केली, तर तें बोटानें पुसण्यासारखेंच धरतात. २०१५ सालीं 'वर्ल्ड प्रेस फोटो'च्या उपांत्य फेरीपर्यंत पोंचलेल्या चित्रांपैकीं सुमारें एक पंचमांश चित्रें मूळ फाइलींशीं ताडून पाहतां बाद ठरलीं. त्यांत अशा काळोख्या चित्रांचाही भरणा होता.

आपल्याकडील छायाचित्र-मंडळांच्या पुष्कळ स्पर्धा 'फियाप' या १९५० सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघाच्या मान्यतेनें होतात. या संघानें, अमेरिकेच्या फोटोग्राफिक सोसायटीनें व इंग्लंडच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीनें मिळून निसर्ग-चित्रांची एक व्याख्या ठरविली आहे. तिचा मथितार्थ असा: चित्रांतील कोणताही घटक वाढवूं नये, हलवूं नये, बदलूं नये वा काढूं नये, कड कापून गेला तर मात्र चालेल. धूळ, ओरखडे, विजेच्या यंत्रानें आणलेले ठिपके, हे काढण्यास मुभा आहे. या शेवटच्या मुभेंतलें तत्त्व वहिनींना फार आवडलें. संवेदकावर बसलेला धुळीचा कण घाटावर नव्हता, तो यंत्रावर होता. म्हणून तो काढणें म्हणजे खोटें काढणें होय. पिशवी घाटावर होती. म्हणून ती काढणें म्हणजे खरें काढणें होय.

तथापि पुसणें हें सर्वत्र पाप आहे असा समज वाचकांनीं करून घेऊं नये. हेन्री पीच रॉबिन्सन यांनीं १८५८ सालीं पांच निरनिराळ्या काचा जोडून मरणोन्मुख मुलीचें एक चित्र तयार केलें, तें कलेच्या इतिहासांत मानानें उल्लेखिलें जातें. आजही पुष्कळ स्पर्धांत एक 'खुला' विभाग असतो. त्यांत ढग बदला, माणसें हलवा, हवें तें पुसा. चित्राचा प्रत्येक भाग स्वतः काढलेला असावा एवढीच अट बहुधा असते. दोष पुसण्यांत नसून, पुसलेलें चित्र न पुसलेल्यांच्या पंक्तीला बसविण्यांत आहे. २०१२ सालीं इंग्लंडांतील निसर्गदृश्यांच्या एका मोठ्या स्पर्धेंत लिंडिसफार्न बेटावरील जुन्या होड्यांच्या चित्राला पहिलें पारितोषिक मिळालें आणि लगेच गेलें. छायाचित्रकारानें ढग बदलले होते आणि बारीकसारीक वस्तू काढल्या होत्या. आपण नियम नीट वाचले नव्हते, असें त्यानें प्रांजळपणें सांगितलें. म्हणून पहिला उपदेश हाच: आपण कोणत्या विभागांत चित्र पाठवीत आहों तें पाहून त्या विभागाचा नियम अक्षरशः वाचावा.

आतां घरांतील मुलामुलींच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगतों.

कललेली क्षितिजरेषा सरळ करण्यास बहुतेक ठिकाणीं परवानगी असते. परंतु सरळ करणें हेंही कापणेंच आहे. चित्र फिरविलें कीं चारी कोपऱ्यांना रिकाम्या त्रिकोणी जागा उरतात, आणि त्या कापून टाकाव्या लागतात. लांबीरुंदीचें प्रमाण ३ : २ असलेलें चित्र अवघें दोन अंश फिरविलें, तर तेंच प्रमाण राखण्यासाठीं लांबी व रुंदी या दोहोंचाही सुमारें वीसावा भाग सोडावा लागतो. नवे प्रोग्रॅम येथेंच घात करतात. ते उरलेले कोपरे शेजारचें पाणी, दगड वा आकाश पाहून आपणच भरून देतात, आणि कित्येकदां ही सोय आधींपासून चालूच असते. २०२३ सालापासून तर 'फोटोशॉप'मध्यें चित्राची चौकट बाहेरच्या बाजूस वाढवून नसलेला देखावा कल्पनेनें भरण्याची सोय झाली आहे. मुलीला वाटतें, आपण फक्त सरळ केलें. आणि परीक्षकाला कोपऱ्यांत असा दगड सांपडतो, जो घाट बांधणाऱ्यानें कधीं बसविलाच नव्हता. म्हणून ती सोय आधीं बंद करावी, आणि मगच चित्र फिरवावें.

दुसरी गोष्ट, कापण्याला हिशेबाचीही मर्यादा आहे. सहा हजार बाय चार हजार बिंदूंचें चित्र म्हणजे दोन कोटी चाळीस लाख बिंदु. त्याची लांबी निम्मी व रुंदी निम्मी ठेवली तर बिंदु निम्मे राहत नाहींत. चौथाई, म्हणजे साठ लाख राहतात. इंचास तीनशें बिंदु या मानानें तें चित्र दहा इंच लांबच चांगलें छापतां येईल. नियमानें परवानगी दिली तरी गणित देईलच असें नाहीं.

तिसरी गोष्ट, मूळ फाइल, म्हणजे जिला 'रॉ' म्हणतात ती, कधींही पुसूं नये. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव-छायाचित्रांच्या स्पर्धेसारख्या मोठ्या स्पर्धा शेवटच्या फेरींत ती मागतात. कित्येक ठिकाणीं त्याच्या आगचींमागचीं चित्रेंही मागतात. कापावें तें नेहमीं प्रतीवर.

आणि चौथी, सर्वांत स्वस्त गोष्ट: यंत्राची कळ दाबण्यापूर्वीं चारी कोपऱ्यांवरून एकदां नजर फिरवावी. घाटावर वांकून ती पिशवी हातानें उचलली असती, तर तिला कोणत्याही नियमाची आड नव्हती, आणि कृष्णामाईवरही उपकार झाले असते. निसर्गाच्या व वृत्ताच्या विभागांत मात्र देखाव्यांत आपल्या हातानें फेरफार करण्यापूर्वीं तेथील नियम पाहावा.

हें सर्व मीं एका रविवारीं दुपारीं वहिनींना सांगितलें. नात आणि तिचा दादा जवळच बसले होते. वहिनींनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें. मग त्या कांहीं न बोलतां माजघरांत गेल्या आणि भिंतीवरची एक तसबीर काढून घेऊन आल्या.

ती आमच्या पणजोबांच्या षष्ट्यब्दिपूर्तीच्या वेळची, १९३४ सालची. मध्यें पणजोबा-पणजी, भोंवतीं सारें कुटुंब, आणि उजव्या कडेला सहा वर्षांचे माझे वडील. त्यांच्या कोटाचा एक खांदा जरा चमत्कारिक सपाट दिसतो. आम्ही भावंडें लहानपणीं तो कोट तेथें उसवला असावा असें समजत असूं. वहिनींनीं आपल्या ट्रंकेंतून कापडांत गुंडाळलेली दुसरी एक प्रत काढून तिच्या शेजारीं ठेवली. तीच मंडळी, तोच दिवस. परंतु ही प्रत चार बोटें रुंद. त्या चार बोटांत, अलवण नेसलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या एक बाई उभ्या आहेत, आणि त्यांचा हात माझ्या वडिलांच्या खांद्यावर आहे.

त्या पणजोबांच्या धाकट्या भगिनी. नवव्या वर्षीं वैधव्य येऊन माहेरीं परत आलेल्या. घरांतील प्रत्येक मूल त्यांच्या मांडीवर वाढलें, असें मीं ऐकलें होतें. त्यांचा चेहरा मात्र मीं त्या दिवशीं प्रथम पाहिला. मंगल कार्याच्या तसबिरींत त्या नकोत, असें कोणाच्या तरी मनांत आलें. कड कापली. तरी खांद्यावर हात उरला, तेव्हां छायाचित्रकाराकडून कुंचल्यानें तोही बुजवून घेतला.

"सासूबाईंनीं ही प्रत जपून ठेवली होती, जातांना माझ्या हवालीं केली," वहिनी म्हणाल्या. "कापलें तेव्हां आत्याबाई गेल्या. पुसलें तेव्हां त्यांचा हात गेला. भाऊजी, तुमच्या स्पर्धेंत यांतलें दुसरें तेवढेंच बाद झालें असतें, नव्हे?"

मला 'होय' म्हणावें लागलें.

आणि येथेंच या सबंध विषयाचें वर्म आहे, असें मला त्या दिवसापासून वाटूं लागलें आहे. स्पर्धेचा नियम योग्य आहे. परंतु तो चौकटीच्या आंतील सत्याचें रक्षण करतो. चौकटीबाहेर काय ठेवलें, याचा हिशेब परीक्षकाला घेतां येत नाहीं, किंवा क्वचितच घेतां येतो. २०१५ सालींच 'वर्ल्ड प्रेस फोटो'नें बेल्जममधील शार्लरवा शहराविषयींच्या एका चित्रमालिकेचें पहिलें पारितोषिक परत घेतलें. त्यांतील एक चित्र त्या शहरांतलें नसून ब्रुसेल्समधलें होतें, हें उघडकीस आलें; म्हणजे दोष चित्राखालच्या मजकुरांत सांपडला. बाहेरचें असें कांहीं लेखी असेल तरच तें पकडतां येतें. एरव्हीं कड कापणाराला विचारणारा कोणी नसतो, आणि म्हणूनच त्यानें स्वतःला विचारलें पाहिजे. जें कापलें तें उद्यां कोणी दाखविलें, तर पाहणाराला 'हें असूं दे, नसूं दे' असें वाटेल, कीं 'आम्हांला हें आधीं कां सांगितलें नाहीं' असें वाटेल? विजेची तार, कोणाची वहाण, रिकामें आकाश कापलें तर पहिलें उत्तर येईल. माणूस कापलें तर बहुधा दुसरें. कोर्दा यांच्या चित्रांतील दुसरा चेहरा कापला गेला, तरी मूळ फिल्म राहिली आणि तो चेहरा कोणाचा हें जगाला कळूं शकलें. आमच्या घरीं एका सुनेनें एक प्रत कापडांत गुंडाळून ठेवली नसती, तर आम्हांला तेंही कळलें नसतें.

आतां त्या घाटावरच्या चित्राचें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करतों. नातीनें पायऱ्या सरळ केल्या, कोपरे भरणारी सोय बंद केली, आणि उजवीकडचा रिकामा भाग कापला. डावीकडे मात्र ती अडली. पिशवी सबंध बाहेर घालवावी, तर तांब्या अर्धा कापला जातो. आणि तांब्या गेला तर आजी पाण्यांत नुसताच हात घालून बसलेली दिसते. दादानें पुन्हां बोट फिरविण्याची सूचना केली नाहीं, हें विशेष.

"आजी, तूंच सांग," ती म्हणाली.

"राहूं दे ती पिशवी," वहिनी म्हणाल्या. "होती म्हणून दिसते. लोकांना दिसली तर एखादे वेळीं टाकायची थांबतील."

चित्र पिशवीसह गेलें आहे. निकाल अद्याप लागावयाचा आहे, आणि पारितोषिक मिळेलच असें मला वाटत नाहीं. परीक्षकांच्या डोळ्यांना ती निळी पिशवी खुपण्याचा संभव आहे. माजघरांतील जुनी तसबीर पुन्हां आपल्या जागीं लागली आहे. तिच्या शेजारीं न कापलेली प्रत काच बसवून टांगली आहे. पाहुणे आले कीं दोन सारख्याच तसबिरी कशाला म्हणून विचारतात, आणि मग वहिनी त्यांना आत्याबाईंचें नांव सांगतात.